बोडक्या डोक्यानं अल्लीपुराला

आता माझ्या डोक्यावरून हात फिरवला तर तो कुठंही अडत नाही. कपाळावरून निघतो तो थेट मानेवर उतरतो. त्यामुळे एके काळी या डोक्यावर तीन लहरा होत्या असं मी म्हटलं की घरातली मंडळी एकमेकांकडे बघतात आणि मला आणखी भाजी वाढतात. वाढू देत. होत्या. कपाळाशी मोठी, तिच्यामागं मधली आणि टाळूवर एक लहानशी, दोघींच्या मागं धावत आलेली. एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. मी वर्ध्याच्या एका कचेरीत नवा कारकून होतो, सिंदी मेघेला भाड्याच्या खोल्यांत मायसोबत राहत होतो, आणि या तीन लहरा सोडल्या तर माझ्यापाशी जगाला दाखवण्यासारखं काहीही नव्हतं.

त्यासुद्धा देवानं दिलेल्या नव्हत्या. देवानं दिलेले केस तुऱ्हाटीसारखे, तुरीच्या वाळल्या काडीसारखे, सरळ. लहरा दिल्या त्या जवसानं. माय कुणाला गळू झालं की जवस उकळून त्याचं पोटीस बांधायची. भांड्याला एक चिकट, बुळबुळीत द्रव राहायचा. एकदा तो माझ्या बोटाला लागला, वाळला, आणि बोट असं कडक झालं की मला माझ्या आयुष्याची दिशाच सापडली. ओल्या केसांना ते जवसाचं पाणी चोपडायचं, बोटांनी दाबून दाबून लाट उठवायची, मायच्या अंबाड्याचे आकडे खोचायचे आणि वाळेपर्यंत मान न हलवता बसायचं. माय चुलीपुढून विचारायची, "आज गळू कोठी झालं? डोक्यात?"

गळू नव्हतं. टोपी होती. खरं दुखणं ते.

आमच्याकडं तेव्हा पुरुषाचं डोकं म्हणजे टोपी ठेवायची जागा. सेवाग्राम सायकलच्या टप्प्यात, त्यामुळे पांढऱ्या टोपीला आमच्या गावात देवळाच्या कळसाचा मान. उन्हाळ्यात त्या टोपीवरून आणखी दुपट्टा गुंडाळायचा, कारण वर्ध्याचं ऊन हे ऊन नसतं, ती शिक्षा असते. आणि टोपी म्हणजे लहरांवर फिरवलेलं वखर. सकाळी तासभर खपून उठवलेलं सगळं टोपीखाली सपाट. म्हणून मी बोडका हिंडायचो. बोडकं डोकं घेऊन उंबरठा ओलांडला की माय रोज तेच म्हणायची,

"बोडखा चाल्ला काय रे? कोणाची खबर द्याले चाल्ला?"

कारण आमच्याकडं शहाणा माणूस बोडका निघायचा तो एकाच कामाला. कुणी गेलं, की त्याच्या नातलगांच्या गावी खबर घेऊन जाणारा टोपी काढून जायचा. तो ओसरीवर चढत नाही. अंगणातच उभा राहतो. पाणी दिलं तर घेत नाही. त्याला तोंड उघडावंच लागत नाही, डोकं पाहूनच घरातल्यांना कळतं. हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि डोक्यात असणं यात फरक आहे. माझ्या डोक्यात जागाच नव्हती, वर तीन लहरा होत्या.

शेजारी एक गुरुजी राहायचे. शाळेत पोरांना छड्या मारायचे आणि घरी बायकोला घाबरायचे, असे सज्जन गृहस्थ. एका उन्हाळ्यात त्यांची भाची, बहिणीची मुलगी, अल्लीपूरहून राहायला आली. दोन घरांमध्ये तुऱ्हाट्यांचं कुंपण होतं, आणि तुऱ्हाट्यांच्या कुंपणातून दिसायचं ते दिसतंच. मी अंगणात आकडे खोचून, मान ताठ ठेवून वाळत बसलो होतो. पलीकडून आवाज आला,

"तुमच्या डोक्यावर यशोदेले पूर आला काय जी?"

यशोदा म्हणजे त्यांच्या गावाकडची नदी. अशा प्रसंगासाठी मी कितीतरी उत्तरं पाठ करून ठेवली होती, त्यातली काही तर फार सुंदर होती. तोंडातून निघालं ते, "हो जी."

"मंग पूल बांधा. नाई तं कोणी वाहून जाईन."

आणि ती हसत आत गेली. वाहून कोण गेलं ते मी सांगायला नको.

पुढं सगळं उन्हाळाभर कुंपणावरच चाललं. चाललं म्हणजे तिनं टोमणे मारले आणि मी "हो जी" म्हटलं. गुरुजींच्या बायकोच्या नजरेला ते पडलं. त्या बाईला बहुधा जन्मापासून अशाच एखाद्या गोष्टीची प्रतीक्षा होती. भाची गावी परतली तशी काकूंनी गुरुजींच्या मागं लकडा लावला. गुरुजींनी बहिणीला कळवलं, मेव्हण्याला कळवलं: पोरगा शेजारचा, कचेरीत आहे, निर्व्यसनी आहे. लहरांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मेव्हणे कास्तकार, जुन्या वळणाचे. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं उत्तर आलं: या. पण हिंगणघाटच्या कापसाच्या जिनातला एक बाबूसुद्धा पाहायला येणार आहे. दोघांतला एक ठरवू आणि पावसाआधी उरकून टाकू.

इथंच खरं तर गोष्ट संपली होती. जिनातल्या बाबूपुढं मी काय? त्याचं स्वतःचं घर, माझं भाड्याचं. पण काकू कुंपणापाशी आल्या आणि डोळे मिचकावत म्हणाल्या,

"भाचीचा निरोप हाय. टोपीतला माणूस मले वळखू येत नाई म्हणे. लहरा घिऊन येजा म्हणा."

झालं! हुकूमच सुटला. आता मला अल्लीपूरपर्यंत, वैशाखाच्या उन्हात, धुळीत, लूच्या झळांत, तीन लहरा न मोडता न्यायच्या होत्या, आणि डोक्यावर काहीही घालायचं नव्हतं. लंका जाळून शेपूट न पोळू देण्यासारखं काम. मारुतीला जमलं. मी त्याच्या जातीचा नव्हतो.

निघायच्या आदल्या दिवशी गुरुजींना ताप भरला. त्यांनी मोटारवाल्यापाशी बहिणीला निरोप धाडला की मले ताप हाय, मी येत नाई, पोरगा येईन. पोराबरोबर वडीलधारं हवं म्हणून माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, गावाहून आले. वडील मी लहान असतानाच गेले होते, त्यामुळे माझ्यावर रागावण्याचा घराण्याचा सगळा अधिकार मोठेबाबांकडं आला होता, आणि ते तो जपून वापरत नसत.

"हे काय डोक्यावर?"

"केस हायेत, मोठेबाबा."

"मले वाटलं निवदाच्या करंज्या मांडल्या."

छत्री घेऊन पाहिली, पहिल्याच झुळकीला उलटी होऊन ती आकाशाला ओवाळायला लागली. सूप धरून पाहिलं, हात भरून आले. शेवटी परसात मला डालं दिसलं, कोंबड्या झाकायचं, बांबूचं, घुमटासारखं. डोक्यावर उपडं धरलं तर कडा खांद्यावर टेकते आणि घुमट केसांना शिवतही नाही! आत सावली, बाहेर वारा, मधे लहरा सुखरूप. शेणाचा थोडा वास होता. मी मायकडं पाहिलं. मायनं देवाकडं पाहिलं.

मोटारीत मी खिडकीपासून दूर, डाल्याखाली बसलो. मोठेबाबा माझ्याकडं पाठ करून बसले. समोर एक बाई मांडीवर दोन बांधलेल्या कोंबड्या घेऊन बसली होती. तिनं बराच वेळ माझ्या डाल्याकडं पाहिलं.

"काऊन जी, खुडूक बसवली काय आतमंदी?"

मोटार हसली.

"नाई वं बाई," मागून कुणीतरी म्हणालं, "कोंबडा हाय. पाह्यत नाई काय, तुरा दिसून राह्यला!"

"आरवते काय जी?"

"बायको पाहाले चाल्ला असंन, आता कायले आरवन? मंग आरवन!"

मी आतून सगळं ऐकत होतो. मला हसू येत होतं आणि हसलो तर लहरा हलतील म्हणून मी दात आवळून बसलो होतो. मोठेबाबांची मानगूट मात्र वाटेतल्या गावागावाला जास्त जास्त लाल होत गेली. अल्लीपुरात उतरता उतरता त्यांनी माझ्या डोक्यावरून डालं उचललं आणि त्या बाईच्या हातात दिलं.

"घे बाई. तुह्या कोंबड्याईले कामी पडन."

अशी माझी फौज वेशीवरच कापली गेली.

दुर्दैव एकटं येत नाही, मोठेबाबांना घेऊन येतं. मोटारीतून उतरताना त्यांच्या वहाणेचा अंगठा तुटला. लिंबाखाली चांभार होता, तिथं ते बसले. "तू हो पुढं. म्हाताऱ्यासाठी मंडळी खोळंबली असं नोको व्हाले. दाराशी गेल्यावर टोपी घालजो. आन माह्याशिवाय ओसरीवर चढजो नोको, समजलं?"

टोपी माझ्या खिशात होती, घडी करून. मी घर विचारत निघालो. भर दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आणि जवसाचं पाणी, वाचकहो, वाळलं की दगड होतं खरं, पण घामानं पुन्हा पातळ होतं. ही गोष्ट मला माझ्या अंगणाच्या सावलीत कधी समजायचं कारण पडलं नव्हतं. टाळूवरची धाकटी लहर आधी गेली. मधली मला कानामागं उतरताना जाणवली. कपाळावरची मोठी तेवढी भावनेच्या भरात उभी होती. डोळ्यांत चिकट धारा उतरत होत्या, डोळे चुरचुरून लाल झाले होते. दार आलं. खिशात हात गेला. टोपी घातली तर मोठी लहरही संपली, आणि "टोपीतला माणूस मले वळखू येत नाई". मी हात खिशातून रिकामा काढला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. ओसरीवर चढलो नाही. मोठेबाबांनी बजावलं होतं ना!

आतून मुलीची आई बाहेर आली. हसतमुखानं आली, नवं लुगडं नेसलेली. माझ्याकडं पाहिलं आणि थबकली.

"कोण जी?"

"मी वर्ध्याहून आलो."

तिची नजर माझ्या डोक्यावर गेली. मग डोळ्यांवर. मग पुन्हा डोक्यावर. तिचा आवाज एकदम खाली आला. "दादाचा ताप कसा हाय?"

"गुरुजी..." मी सुरुवात केली. तेवढ्यात जवसाची एक भलीमोठी धार नेमकी डोळ्यात गेली. मी डोळा चोळला. "गुरुजी..."

तिनं कोनाड्यातला लोटा घेतला. "पाणी घ्या जी."

आमच्याकडं लोट्यानं वरून पाणी प्यायचं तर मान मागं टाकावी लागते. मान मागं टाकली असती तर शेवटची लहर गेली असती.

"पाणी नोको जी," मी म्हणालो.

लोटा खाली पडला.

"माहा दादा गेला वं माऽय!"

तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. शेजारच्या बायका धावल्या. कुणी चुलीवरची पोह्यांची कढई उतरवून ओतून दिली, कुणी चुलीत पाणी टाकलं. मी ओरडत होतो, "नाई जी, नाई!" त्यावर एक म्हातारा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "नाई ना बापू, नाई राह्यले. रडू नोको. केव्हा झालं ते सांग." गोठ्यातून घरधनी आला. त्यानं बायकोकडं पाहिलं, माझ्या डोक्याकडं पाहिलं, आणि काही न विचारता स्वतःची टोपी काढली. आम्ही दोघं समोरासमोर, बोडके, उभे.

आणि मग ती बाहेर आली. दाखवायला नटवलेली, वेणीत मोगऱ्याचा गजरा, गालांवर पावडरमधून आसवांचे ओघळ. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या कपाळावर एकच लहर उरली होती, ओली, कोसळायच्या बेतात. ती तिच्याकडं पाहतच राहिली. मग तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग दुसरा. आणि त्या रडारडीत, भर अंगणात, ती हसायला लागली.

"माय, मामा नाई मेला वं! त्याईनं लहरासाठी टोपी नाई घातली! मीच सांगतलं होतं त्याईले!"

बायकांनी डोळ्यांचे पदर खाली घेतले. चुलीतून तेवढा वाफेचा आवाज येत होता.

बापानं हळूच टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "तुवा सांगतलं होतं?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. तिनं मला वाचवलं होतं आणि त्याच वाक्यात बुडवलं होतं. नेमके त्याच वेळी मोठेबाबा फाटकातून आत आले, टोपी सरळ, वहाण शिवलेली, चेहरा प्रसन्न.

"राम राम जी! थोडा उशीर झाला. पोहे झाले काय?"

मुलीचा बाप वाईट माणूस नव्हता. त्यानं आम्हाला ओसरीवर बसवलं, गूळपाणी दिलं. मग मोठेबाबांना म्हणाला, "पोरगा बरा हाय तुमचा. पण आता माह्या पोरीचा निरोप साऱ्या गल्लीनं आयकला. आता याले देली तं गाव म्हणीन, पसंत पोरीनं केलं, बापानं निस्ती मान हालवली. मले गावात राहाचं हाय, भाऊ." मोठेबाबांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि वहाण पायात सरकवली. परतीच्या मोटारीत मी टोपी घातली. डालं मागायला ती बाई दिसली नाही. पावसाआधी गुरुजींच्या भाचीचं हिंगणघाटच्या जिनातल्या बाबूशी लग्न झालं.

फायदा झाला तो गुरुजींचा. जिवंत माणसाच्या मरणाची खोटी खबर गेली की त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात. त्यांचा ताप दुसऱ्याच दिवशी उतरला. पुढं शेजारी-पाजारी, शाळेत, लग्नाच्या पंगतीत, ते मला उभं करून दाखवायचे: "हा पाहा! यानं मले मारलं आन म्हणून मी जगलो!" अल्लीपूरच्या घरातही म्हणे ही गोष्ट सणासुदीला सांगितली जायची आणि तिची आई रडण्याची नक्कल स्वतः करायची, लोट्यासकट. मीही सांगायचो. मी तर डाल्याचा अंक जोडून सांगायचो, तोही गुरुजींनी बहिणीपर्यंत पोचवला. मायला मात्र मी पुन्हा जवसाला हात लावताना दिसलो नाही. टोपी रोज घालायला लागलो. केस दबले, सपाट झाले, मग मीच त्यांच्याकडं बघणं सोडलं.

चार-एक वर्षं गेली. एका पहाटे गुरुजी अंथरुणातच गेले. ताप नाही, काही नाही. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. गुरुजींच्या बहिणीला, म्हणजे अल्लीपूरला, खबर द्यायची होती. घर कुणाला माहीत होतं? मला.

मी टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली आणि पहिल्या मोटारीनं निघालो.

त्या अंगणात मी पुन्हा उभा राहिलो तेव्हा तिची आई ओसरीवर सुपात ज्वारी पाखडत होती. तिनं मान वर केली, मला ओळखलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला जमिनीत जावंसं वाटलं.

"अगं बाई! आला काय रे लहरावाल्या!" तिनं सूप बाजूला सारलं. "आज कोणाले मारून आला? आता मी नाई फसत बरं! ये, वर ये. पाणी घे."

मी ओसरीवर चढलो नाही.

"पाह्य पाह्य, आताही बोलत नाई! अन् पाणीही नोको म्हणन!" ती हसून हसून डोळे पुसत होती. "अवो, आयकलं काय? तो आला, डालंवाला!"

आतून मुलगीच बाहेर आली. माहेरी आली होती, कडेवर तान्हं. तीही आधी हसतच आली. मग उंबरठ्यावर थांबली आणि माझ्या केसांकडं पाहिलं. तेल लावून, मधे भांग पाडून, टोपीनं दाबलेले, तुऱ्हाटीसारखे सरळ केस. तिनं त्यांच्याकडं फार वेळ पाहिलं नाही. बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं, मोकळ्या हातानं पदर डोक्यावरून ओढला, आणि अजून हसत असलेल्या आईच्या खांद्याला हात लावला.

"माय, हासू नोको," ती म्हणाली. "त्याईचं डोकं पाह्य."